पंधरा किलो, चाकं नकोत

जेवणाची ताटं उचलली की टेबलावर
आफ्रिकेचा खालचा भाग पसरतो.
तीन कोपऱ्यांवर मेतकुटाची बरणी, मिठाचं सट, निनादचा चष्मा.
चौथ्यावर भाऊंचा पंजा.
हा पंजा अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात होता,
पुण्याच्या पोटातल्या केबली अंधारात चाचपून ओळखायचा.
"कागदावर सगळं सरळच असतं," भाऊ म्हणतात,
"खणल्यावर कळतं."
त्यांचं बोट ओकावांगोवर येतं.
नदी डोंगरातून उतरते, तिला फाटे फुटतात,
आणि समुद्र न गाठताच
ती वाळूत जिरून जाते.
"इथे जॉइंट सुटलाय," म्हणतात,
आणि बराच वेळ बोट उचलत नाहीत.

निनादने एक्सेलमध्ये रकाने पाडलेत.
विमान. व्हिसा. हिवतापाच्या गोळ्या.
कृत्तिकेचा जन्मदाखला, आईबापाच्या पूर्ण नावांनिशी,
जो महापालिकेत तिसऱ्या खेपेला मिळाला
आणि त्यात मी एका वेलांटीने चुकले आहे.
पिवळ्या तापाच्या लशीबद्दल
आमच्या सोसायटीत तीन मतं आहेत,
त्यातलं एकही डॉक्टरचं नाही.
बेरीज लाल रंगात येते.
आम्ही धबधबा काढून टाकतो.
बेरीज लालच.
मग धबधबा परत घालतो.

पैशांची अडचण तशी ओळखीची,
तिला आम्ही बसायला पाट देतो.
दुसरी नवीन आहे.
पायी जंगलात नेतात, पण बारा पूर्ण हवीत.
कृत्तिकेला बारा पूर्ण होतात नोव्हेंबरच्या एकोणीसला.
तेव्हा तिकडे पाऊस लागलेला असतो,
रानभर डबकी साचतात, हत्ती पांगतात,
पाण्यासाठी कुणाला कुणाच्या दारात यावं लागत नाही.
बघायचं तर त्याआधी, तहान असताना.
आणि भाऊ सप्टेंबरात सत्तरचे होतात.
सत्तरीनंतर विम्याचा हप्ता दुप्पट,
वर हृदयाचा कागद मागतात.
"एकीचं वय पुढे ओढायचं, एकाचं मागे," निनाद म्हणतो,
रकाना पाडतो,
त्याला नाव सुचत नाही म्हणून पुसतो.

"ऑगस्टमध्ये जाऊ," कृत्तिका म्हणते,
"मी थांबेन आजोबांजवळ तंबूत.
पाणघोडे रात्री तंबूपाशी चरायला येतात.
तुम्ही दोघं जा चालत लांब,
आम्हाला घरपोच."

छोट्या विमानात माणशी पंधरा किलो.
बॅग मऊ हवी, चाकं नकोत.
घरात सहा बॅगा. सहाही चाकांच्या,
सहाही कडक, लग्नाकार्यातल्या व्याह्यांसारख्या.
भाऊ न बोलता स्टुलावर चढतात
(गुडघा बोलतो),
माळ्यावरून खात्याची खाकी कॅनव्हासची पिशवी काढतात.
झटकतात. एक टेस्टर पडतो,
मेणाचा एक तुकडा,
आणि दापोडीच्या कुठल्याशा खड्ड्यातली वाळलेली माती.
वजनकाटा दोन किलो दाखवतो.
उरले तेरा.

रविवारी उजाडताना तळजाईवर तालीम.
एका ओळीत चालायचं. बोलायचं नाही.
पुढच्याने हात वर केला की सगळ्यांनी जागच्या जागी.
निळं घालू नये, माश्या येतात म्हणे,
आणि भाऊंचे सगळे सदरे निळे,
म्हणून निनादचा मेंदी रंगाचा टी-शर्ट घालून ते पुढे,
पाठमोरे भलतेच तरुण.
वरच्या पटांगणात हास्यक्लब सुरू होतो.
"तरस," कृत्तिका कुजबुजते.
तिलाही नियम लागू आहे, मी डोळे वटारते.

ग्लिरिसिडियाच्या वळणावर भाऊ हात वर करतात.
आम्ही थांबतो.
समोर पायवाट, थोडी धूळ, काही नाही.
मुंगूस गेलं असेल.
दम लागला असेल.
हात खाली येईपर्यंत विचारायचं नसतं.
आम्ही उभे आहोत.