गरम चमचा

शाळा बंद पडून अकरा वर्षं झाली.
आता उन्हाळ्यात वर्गांमध्ये माणसं झोपतात,
थायलंडातून आलेली, दलदलीतली नारिंगी फळं वेचायला.
किलोवर पैसे.
त्यांचं सूप मी ढवळते. किल्ल्या माझ्याकडे असतात.

जुलैत लॅपलंडला रात्र होत नाही,
पडदे ओढून करावी लागते.
आणि त्या खोट्या अंधारात भिंतीपलीकडून
कर्र, कर्र, कर्र.
पहिल्या वर्षी मला वाटलं, उंदीर.
नखं होती.

डास परवडला. सुई टोचतो आणि जातो.
ही काळी चिलटं लचका तोडतात,
मोज्याच्या काठाशी, कानामागे, टोपीच्या रेषेत,
आणि रक्ताचा एक थेंब ठेवून जातात
पावती दिल्यासारखा.
दुसऱ्या दिवशी गांधी उठते.
तिसऱ्या दिवशी माणूस कुणाचं ऐकत नाही.

कामपोनचा घोटा चिघळला होता.
चार रात्री उकरलेला, वर रबरी बूट,
बुटात दलदलीचं पाणी.
त्यानं पाय बाकावर ठेवला, दुसरीच्या पोरांच्या बुटक्या बाकावर,
आणि म्हणाला, "खान."
मी म्हणाले, "कुतिना."
मग दोघांनीही हवेतच बोटं खाजवली
आणि आमचा शब्दकोश पुरा झाला.

त्याला कोमट पाणी, साबण, पट्टी. चरचरलं असणार,
पण तो खिडकीबाहेर बघत राहिला.
बाकीच्यांना चमचा:
कॉफीत बुडवायचा, निथळायचा,
पाठीकडून टेकवायचा चाव्यावर,
युक्सी, काक्सी, कोल्मे.
भाजायचं नाही हं, नुसतं घाबरवायचं.
खाज दचकते, वाट चुकते,
तासभर सापडत नाही.
तेवढ्यात झोपून घ्यायचं.

वेइक्को हसायचा माझ्या चमच्याला.
तो डांबराचं मलम फासायचा, उशीला वास लागेपर्यंत,
खाजवायचा, शिव्या द्यायचा, पुन्हा खाजवायचा.
शेवटच्या उन्हाळ्यातला एक चावा होता त्याच्या नडगीवर.
ऑक्टोबरात खपली पडली,
नोव्हेंबरात परत धरली.
डिसेंबरात त्याला शेवटचे कपडे घालताना
मी तो पाहिला,
अजून बरा व्हायच्या बेतात होता.

हे कामपोनला कुठल्या शब्दांत सांगणार?
मी कात्री आणली, त्याची नखं कापली,
एकेक, अगदी मुळापर्यंत.
मान वर केली तर मागे बाकीचे सातजण
हात पुढे करून रांगेत उभे,
आणि मी, जिनं इथे नुसती फरशी पुसली वीस वर्षं,
बाईंसारखी सगळ्यांची नखं तपासली.

सप्टेंबरात पहिलं दहिवर गोठलं.
चिलटं मेली. माणसं विमानात बसली.
बाकाखाली एक मोजा राहिला होता, तो धुऊन ठेवलाय.

काल फोनवर फोटो आला:
कापलेल्या भाताची खुंटं, त्यात एक घोटा,
घोट्यावर तपकिरी डाग, मसुराएवढा,
आणि कुणा लहान मुलीचा हात,
हातात चमचा.
खाली त्यांच्या लिपीत एक शब्द.
वाचता येत नाही मला. वाचला.

माझ्याही मनगटावर आहे एक, जुलैचाच.
दिवसा आठवत नाही. पण आता इथे दिवस तरी कुठे,
दुपारी दोनला दिवे लावते,
आणि बोट आपलं आपण तिकडे जातं.

नको, हिल्का.
कॉफी ठेव.