दुसऱ्यांदा गोठवायचं नाही

अडतीस वर्षं मी शिंपल्यांच्या कारखान्यात होते,
उणे पस्तीसच्या खोलीत, हातमोज्यावर हातमोजा चढवून.
ओनोदेरा मुकादमाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
गोठवायचं ते झटकन. रेंगाळलात
तर मांसात बर्फाच्या सुया वाढतात, पेशी फोडतात.
आणि एकदा वितळलं ते दुसऱ्यांदा गोठवायचं नाही.
त्याचा लगदा होतो. तो माल आपला नाही.

आज टेबलावर मीच माल.
डाव्या बाजूला नऊ मिलिमीटर,
वाटाण्याएवढं काहीतरी.
हातानोबाई, माझ्या नातीच्या वयाची डॉक्टर,
कातडी बधिर करते, सुई आत सरकवते.
बघा, सुगावारासान.
करड्या पडद्यावर एक काळं अंडं
फुगत जातं, गाठीला गिळतं.
मी जागी. गार वाटत नाही, नुसतं जड.
बर्फ कातडीला भिडू नये म्हणून
मध्ये ती थोडं थोडं पाणी सोडत राहते.

मग थांबते. वितळू देते.
भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं.
आणि म्हणते, आता पुन्हा.

पुन्हा?
मी उठूनच बसणार होते.
अगं पोरी, पुन्हा गोठवलं तर पेशी फुटतात!
ती हसली नाही.
हो, म्हणाली, त्यासाठीच.

ओनोदेरा, तुझा नियम उलटा धरून
ही मला बरं करायला निघालीय.
करीनच, असं म्हणाली नाही.
गाठ लहान, लवकर सापडलेली, फार आडमुठी नाही,
म्हणून हे. सगळ्यांना चालत नाही.
गोळ्या चुकवायच्या नाहीत, तपासणीला यायचं,
कापावं लागलंच तर तेव्हा बघू.

कीकुएच्या वेळी हे नव्हतं.
कुशिरोला तिचं सगळंच काढलं
आणि सव्वीस वर्षं माझी बहीण
आमच्याबरोबर गरम झऱ्यावर आली नाही.
आम्ही विचारायचो. मग विचारणं सोडलं.

मला दोन बोटांएवढी चिकटपट्टी लावली.
पावणेपाचच्या बसने घरी.
किनाऱ्याला उत्तरेचा बर्फ लागलेला,
तुकडे एकमेकांवर दात खात होते.

चार दिवसांनी कीकुए आली. दाखव, म्हणाली.
दाखवलं. वर निळं-जांभळं, आत दगड.
तिने अंगठ्याने दाबून पाहिलं,
पेट्या उतरवताना आम्ही दोघी दाबायचो तसं,
डोळे मिटून.
मध्ये अजून कडक आहे, म्हणाली.

अंगठा उचलला नाही.