पाण्यात तोलताना

झाफिमाहेरी आला तेव्हा अंत्सिराबेवर धुकं उतरत होतं,
दाराशी दोन हातरिक्षावाले
एकाच गिऱ्हाइकावरून हुज्जत घालत होते.
त्यानं वहीच्या कागदाची पुडी सोडली.
आत थेंब. म्हणजे थेंबासारखं काहीतरी, पैलू पाडलेलं,
आणि कागदावर कुणाचातरी चुकलेला भागाकार.

"तिघं म्हणाले स्फटिक.
चौथा म्हणाला, बाटलीचं बूड."

मी तळहातावर घेतला.
रंग असता तर रंगच आधी बोलला असता,
निळ्याला, तांबड्याला गप्प बसवत नाही.
हा गप्प. आणि हलका,
झोपेत उचललेल्या पोरापेक्षा जागं पोर लागतं तेवढा.

लोक दगडाचं पाणी जोखतात,
मी दगड पाण्यात जोखते.
तारेच्या झुल्यात बसवला.
हवेत तीन पूर्णांक एकोणतीस.
पाण्यात एक पूर्णांक एकोणनव्वद.
(बुडबुडा चिकटला होता. ब्रशनं काढला, परत मोजलं.)
भागाकार त्याच कागदावर केला,
त्या चुकलेल्याच्या खाली : २.३५.

स्फटिक इतका खाली उतरत नाही.
काच मात्र म्हणाल तो आकडा सांगते,
काचेला लाज नसते.
म्हणून दोन काळ्या चकत्या आडव्या धरल्या,
ज्यांच्यामधून उजेड जात नाही,
मध्ये ठेवून फिरवला.
काच अंधारातच राहिली असती.
हा एका फेऱ्यात चारदा उजळला, चारदा विझला.

झाफिमाहेरी उठून उभा राहिला.
बस, म्हटलं.

कुजक्या अंड्याच्या वासाचा तो द्रव, एक टिपका.
सावलीची रेघ एक पूर्णांक पंचावन्नवर.
दगड वळवला, दुसरी रेघ चढतच गेली
त्रेसष्टपर्यंत. एवढी?
यंत्र पुसलं. चष्मा पुसला. पुन्हा तेवढीच.

मग भिंगातून पाहिलं :
मागची प्रत्येक कड दोनदा.
एक किरण आत शिरतो आणि दोन होऊन निघतो,
वाटणीच्या दिवशी
वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेलेल्या भावांसारखा.

एकवीस वर्षांत हा दुसरा.
पहिला मी गुरूंच्या पेटीत पाहिला होता, हात न लावता.

"हॅम्बर्गाइट," मी म्हटलं.
त्यानं तीनदा म्हणून पाहिलं, तीनदा वेगळं.
"महाग?"
"दुर्मीळ."
"म्हणजे महागच ना?"
मी यंत्राचं झाकण लावलं.
एवढ्याच निळ्या दगडात तुझ्या घरावर पत्रे चढले असते.
ह्याला ओळखणारी माणसं आहेत,
पण या रस्त्यानं जात नाहीत.
पत्रं लिहीन. थांबावं लागेल.

तो बराच वेळ कागदाकडेच बघत होता.
"वरचं गणित पोरीचं. कुठं चुकलं?"
मी पेन्सिल घेतली.
बाकी उरत होती.
तिनं शून्य लिहिलं होतं.