गोणपाट

मी पिग्मी गोळा करते. डिचोलीचा बाजार,
बसस्टँडकडची ओळ, शेवटी शेटचं दुमजली कॉम्प्लेक्स.
एकसष्ट खाती. पावतीवर तारीख, वेळ, आकडा.
म्हणून मला नेमकं सांगता येतं:
मंगळवार, चार वाजून सतरा मिनिटं,
वरच्या दातांच्या डॉक्टरकडून पन्नास रुपये घेतले
आणि उतरताना, खालून तिसऱ्या पायरीवर,
माझा उजवा पाय माझा राहिला नाही.

वकील कुतिन्हो चष्मा पुसत म्हणाले,
पडलात, हे एक्स-रे सांगतो.
पण पडणं म्हणजे दावा नव्हे.
पायरी ओली होती हे दाखवायचं,
ती आजचीच ओली नव्हती हे दाखवायचं,
आणि मालकाला ते ठाऊक होतं...
इथे ते थांबले. बाहेरून खनिजाचा ट्रक गेला,
टेबलावरच्या फायली थरथरल्या.
ठाऊक असणं सगळ्यात कठीण, बाय.
ते माणसाच्या पोटात असतं.

पाणी बँकेच्या एसीचं. पाच उन्हाळे ते ठिबकतंय.
त्यावर खाणीची तांबडी धूळ बसते
आणि दोघांचं मिळून तुपासारखं काहीतरी होतं.

निंगव्वा तिथे झाडू मारते. खातं क्रमांक चौतीस, रोजचे वीस.
सकाळी त्या पायरीवर ती गोणपाट अंथरायची,
संध्याकाळी पिळून कठड्यावर टाकायची.
कुणी बघत नव्हतं. मीही नाही,
फक्त पाय बघायचा.

रसवाल्या पोराने मला उचलायच्या आधी
मोबाईलवर फोटो काढला होता.
तेव्हा त्याला शिव्या दिल्या, आता रस पिऊन सुटे परत घेत नाही.
फोटोत माझी एक चप्पल, पसरलेल्या पावत्या,
आणि तांबड्या बुळबुळीत पायरीवर
एक फिकट चौकोन,
गोणपाटाच्या मापाचा.

शेटचं खातं क्रमांक एक.
कोर्टाच्या तारखेलाही ते शंभराची नोट काढून ठेवतात,
गुडघा कसा आहे विचारतात,
मी पावती देते.

उलटतपासणीत त्यांचे वकील म्हणाले,
हा जिना तुम्ही रोज चढता?
रोज.
किती वर्षं?
नऊ.
मग ओल तुम्हालाही ठाऊक होती!
मी म्हटलं, मला गोणपाट ठाऊक होतं.
लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान वर केली.

मग निंगव्वा. पदर दोन्ही हातांत घट्ट.
गोणपाट घालायला कुणी सांगितलं?
कुणी नाही.
शेटच्या वकिलांनी खुर्ची मागे सरकवली, जणू संपलंच.
कुतिन्होंनी फक्त आवाज खाली आणला:
त्या मंगळवारी काढायला कुणी सांगितलं?

पंखा फिरत होता. माझी कुबडी भिंतीवरून घसरली,
कुणी उचलली नाही.
निंगव्वाने शेटकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्याकडे.
बँकेचे मोठे साहेब येणार होते, ती म्हणाली.
शेट म्हणाले, ते घाण दिसतं,
उचल, आजच्या दिवसाने काय होतंय.

आजच्या दिवसाने काय होतंय.
कारकुनाने ते तसंच उतरवलं.

निकाल अजून नाही, तारीख पडते.
जिन्याला आता खरखरीत लाद्या आहेत
आणि झाडायला दुसरी बाई.
खातं क्रमांक चौतीस : शून्य, शून्य, शून्य.
बँक म्हणते, तीन महिने असं चाललं तर बंद करा.

काल तिच्या खोलीवर गेले.
शून्याची पावती द्यायला कुणी जात नाही, मी गेले.
दाराशी तेच गोणपाट,
फोटोतल्या चौकोनाच्या मापाचं,
कोर्टात ज्याला निशाणी क्रमांक मिळाला नाही.
आतून ती म्हणाली, ये, पण पाय पुसून.

मी दाराची चौकट धरली.
डावा पाय आधी ठेवला,
मग, बऱ्याच वेळाने, उजवा.