हे निघत नाही

सोनेगावच्या वळणावर भाऊजी विचारतात,
"विमान नऊला, अन् साडेसहालेच काहून निघून राहिल्या, वहिनी?"
मी सांगत नाही.
पदराखाली हात नेऊन बघते. आहे.

ट्रेमध्ये घड्याळ. फोन. किल्ल्या.
ग्लुकोजच्या गोळ्यांची पर्स.
जाऊबाईंनी सुतळीनं बांधलेला संत्रा बर्फीचा डबा,
पुण्यातल्या भाचीसाठी.
"ये भी निकालिए," बोट कमरेकडे.
हे निघत नाही.
म्हणजे निघतं, पण ते निघालं
की मागोमाग मीही हळूहळू निघते.
एवढं हिंदीत जमत नाही. "डॉक्टर का है," म्हणते.
मागचा माणूस पट्ट्याविना पँट
एका हातानं धरून उसासा टाकतो.

पडद्याआड, छातीवर नावाची पट्टी : एस. कुजूर.
तिच्या हातातलं यंत्र पोटाशी येऊन
मांजराच्या पिलासारखं कुंईऽ करतं.
"क्या है?"
"पंप."
"पानी का?" ती हसते, मीही.

मग सांगते, माझ्या नागपुरी हिंदीत,
की पोटात एक जण होता,
मी नऊ वर्षांची असताना कामावर आला नाही,
रजेचा अर्जसुद्धा नाही.
हा त्याच्या जागी, बदलीवर.
डॉक्टर हरकऱ्यांचं पत्र घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं.
ती सगळं वाचते. खालचा फोन नंबरही.

मे महिन्यात वीज गेली की धंतोलीत
लोक हातपंखे शोधायचे, माझी आई बाटली.
ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायची.
काचेची सिरिंज पातेल्यात उकळताना जी खणखणायची,
चहाच्या आधणात अजून ऐकू येते.

तेवढ्यात तो वाजला. तीनदा.
कुजूर अर्धं पाऊल मागे, हात वॉकीटॉकीवर.
मी बघते : बासष्ट, बाण खाली.
"शक्कर उतर रही है. कुछ खाना पड़ेगा."
पर्स पट्ट्याच्या पोटात अडकलेली.
ती पडद्यातून डोकं काढून ओरडते,
"वो डब्बा लाना, मिठाईवाला!"

सुतळीची गाठ सुटेना. माझी बोटं थरथरत.
तर तिनं टेबलाखालच्या खोक्यात हात घातला,
जप्त केलेल्या कात्र्यांच्या, नेलकटरांच्या,
कुणाच्या तरी भाजीच्या सुरीच्या ढिगात,
आणि एक गुलाबी कात्री काढली, लहान मुलाची.
कच्च.

उभं राहायच्या त्या लाकडी पाटावर मी बसले,
वर्खासकट दोन वड्या.
ती पडदा धरून पाठमोरी उभी.
"लीजिए ना."
"ड्यूटी है."

पंधरा मिनिटं. सत्तर. पंच्याहत्तर.
मग नियमानं तळहातावरून कागदाची पट्टी फिरवली,
चिकट बोटांसकट.
यंत्रानं जरा विचार केला. हिरवा दिवा.
पासवर शिक्का, शिक्क्याशेजारी
माझ्या अंगठ्याचा नारिंगी डाग.

तुटलेल्या सुतळीची दोन टोकं तिनंच जोडली,
घट्ट, दुहेरी फासाची, 
आमच्याकडे कुणी तशी बांधत नाही.
पुण्याला भाची डबा उघडताना विचारेल,
आत्या, ही गाठ कुणाची?