पाणसळ

भिशी लागली मार्चात, बावीस हजार.
त्यातले चार आधीच दुसऱ्याच्या नावाचे.
उरलेल्यात घर.

कॅलेंडरच्या पाठीवर यादी केली:
फरशी,
ओटा चार बोटं उंच,
पत्र्याखाली काहीतरी, दुपारी डोकं शिजू नये म्हणून,
आणि मोरीला दार.
हे म्हणाले, बसत नाही, दोन खोड.
मी दार खोडलं. पडदा आहे की अजून.
मग पत्र्याखालचं खोडलं.
रात्री पूर्वानं यादी वाचली, बोलली काहीच नाही.
सकाळी बघते तर दार पुन्हा लिहिलेलं,
बारीक अक्षरात, अगदी कडेला,
जागा कमी लागावी अशा बेतानं.

गांधीनगरच्या वाटेवर एका गोदामात
लोकांच्या घरांतून उरलेल्या फरशा मिळतात.
तेवीस पांढऱ्या, अकरा निळ्या वेलीच्या,
नऊ अशा, की ज्यांचा रंग
दुकानदारालाही सांगता येईना.
टेम्पोवाल्यानं शंभर कमी घेतले,
तो आणि हे शिरोलीच्या एकाच फौंड्रीत होते कधीकाळी.

दस्तगीर मिस्त्रींनी खोलीच्या मधोमध पाणसळ ठेवली.
बुडबुडा पळाला देव्हाऱ्याकडं.
"वैनी, मशीनच्या कोपऱ्याला अडीच इंच उतार हाय.
भिंतबी त्याच बाजूला कलल्याली."
"ठावं हाय," मामंजी खाटेवरनं म्हणाले.
"दुसरी पाळी करून आल्यावर वतला कोबा.
ही बल्ब धरून उभी. पाणसळ कुठली?
कळशीभर पाणी वतून बघितलं,
तर पाणी कुणीकडं गेलं त्येच अंधारात दिसंना."
आणि हसले. दात नसलेलं हसणं,
त्यातही बाईचा बल्ब धरलेला हात होता थोडा.

उतार काढायचा तर सिमेंट, वाळू, एक दिवस जादा.
मिस्त्रींनी बोटांवर हिशोब केला,
चोवीसशे.
फायबरचं दार, बिजागऱ्या धरून,
तेही चोवीसशेच निघालं होतं.

मी फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते.
एकोणीस वर्षं माझ्या हातनं निसटलेलं सगळं
त्या कोपऱ्यात जाऊन थांबलंय.
हुक, बटणं, टिकल्या,
मामंजींची बीपीची गोळी,
एकदा चमकीची फिरकी,
जिच्यासाठी मी शेजारणीवर मनात संशय घेतला होता
आणि नंतर तिला उगाचच वाटीभर खीर नेऊन दिली.
दिवाळीला तिथं झाडू घातला
की एका ब्लाऊजाचं साहित्य निघतं.

"राहू दे उतार," मी म्हटलं.
मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, मग यांच्याकडं.
हे मशीनच्या पायाखालचं लाकूड बघत होते,
ते यांनीच तासून घातलेलं, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात.

फरशी बसली. वेली पुऱ्या जुळल्या नाहीत,
एक निळी वेल भिंतीपाशी येऊन तुटते
आणि तिच्यापुढं तो बिननावाचा रंग सुरू होतो.
चौकट भिंतीच्या कलानंच बसवली.
त्यामुळं दार सोडलं
की आपोआप लागतं.
कुणी ढकलावं लागत नाही.

पहिल्या दिवशी पूर्वा आत गेली
आणि अर्धा तास बाहेर आली नाही.
नळाचा आवाज नाही, बादलीचा नाही.
मामंजी म्हणाले, "पोरगी झोपली काय आत?"
मी म्हटलं, बसू दे.

बटण टाचताना एक सुटलं हातातनं.
पांढऱ्यावरनं, निळ्यावरनं, त्या बिननावाच्या रंगावरनं
गेलं घरंगळत.
मी मान वर केली नाही.

ओटा तेवढा राहिला.
कमरेत वाकून भाकरी थापते अजून.
पुढच्या भिशीत माझा नंबर नववा आहे.