शेवटचा भाग

सातपूरला, मिसळीच्या दुसऱ्या रश्श्यावर
दौलत आणि नूपुर पुन्हा भांडतायत.

ती म्हणते, नव्यात बघ,
पावसाचा थेंब न् थेंब वेगळा काढलाय.
तो म्हणतो, जुन्यात पैसेच नव्हते,
नायक नुसता उभा राहायचा,
कपाळावरची एक बट हलायची.
त्या एका बटेत केवढा वारा होता!

तिचं पुस्तक उजवीकडून सुरू होतं.
तो सवयीनं डावीकडून उघडतो,
थेट शेवटावर पडतो
आणि डोळे गच्च मिटतो.

सातवीत असताना, एका रविवारी
ऐन शेवटच्या भागाला लाईट गेली.
सोमवारी वर्गात त्यानंच तो रंगवून सांगितला:
रोबोट शत्रूचा हात धरून
पाण्यात उतरतो, पायरी पायरीनं,
आपल्या गंगाघाटासारख्या पायऱ्या.
बावीस वर्षं अख्खी कॉलनी
तोच शेवट धरून बसलीय.

नूपुरला काल खरा सापडला.
मोबाईल ती पुढे सरकवते.
दौलत लिंबू पिळत राहतो,
त्यातलं सगळं संपलं तरी.
"पायऱ्या आहेत का गं त्यात?"

ती स्क्रीन पालथी घालते.
"आहेत. पाणीपण आहे.
तर्री संपली, हाक मार त्याला."